बिलोलीचा आकडा

“बिलोलीचा तेवढा आकडा काढून द्या.” पुण्यातल्या बैठकीत एखादे सर हे सांगतात, नांदेडहून फोन करणारे साहेब सांगतात, आणि गावी गेलो की मामासुद्धा विचारतात, “आपल्या तालुक्यात अंगात रक्त कमी असलेल्या बाया किती रे? तुझ्याकडं असंलच की.” माझ्याकडे नाही. ज्या सर्वेक्षणाचं नाव घेऊन हा आकडा मागतात, त्यात तो कुणालाच सापडणार नाही. दर वेळी मी हे समजावून सांगतो, समोरचे मान डोलावतात आणि शेवटी म्हणतात, “बरं, मग अंदाजे सांगा.”

लोकसंख्येच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मी सांख्यिकी प्रोग्रॅमर आहे. सर्वेक्षणांच्या आणि दवाखान्यांच्या नोंदींच्या फाइली माझ्याकडे येतात. त्या तपासायच्या, दुरुस्त करायच्या, एकमेकींना जोडायच्या, मग आर किंवा स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहून संशोधकांना तक्ते काढून द्यायचे, हे माझं काम. या कामातल्या माझ्या तक्रारी लहान आहेत. एकेक सुटी सांगितली तर कुणीही म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. पण या एवढ्याशा गोष्टींमुळेच माझ्या तालुक्यातली माणसं कागदावरून गळतात, म्हणून मी त्या घेऊन बसणार आहे.

आकड्याचंच आधी बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे तिची जबाबदारी होती. ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ घरं आणि ७,२४,११५ स्त्रिया तिच्यात आहेत. ऐकायला हे प्रचंड वाटतं, पण जिल्ह्यांवर वाटलं की एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशे घरं येतात. चाळीस-पंचेचाळीस गावं आणि वॉर्ड निवडायचे आणि प्रत्येकात २२ घरं गाठायची, अशी ती पद्धत. नांदेड जिल्ह्यात तालुके १६. या हिशेबाने बिलोलीला दोन-तीन गावं आली तर आली, म्हणजे साठेक घरं. साठ घरांवरून तालुक्याची टक्केवारी सांगितली तर ती पुढच्याच वर्षी कुणाच्या तरी भाषणात पक्की होऊन बसेल. सर्वेक्षणाच्या फाइलीत तालुक्याचं नावच नसतं. नकाशावरचे बिंदूसुद्धा मुद्दाम सरकवलेले असतात, ग्रामीण भागात पाच किलोमीटरपर्यंत आणि शंभरातला एखादा दहापर्यंत, कारण कुणाचं घर ओळखू येता कामा नये. ते योग्यच आहे. माझी तक्रार सर्वेक्षणावर नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं, ते या फेरीत ५४.२ टक्के झालं, हे आपल्याला त्यातूनच कळलं. सर्वेक्षण जे सांगतच नाही ते त्याच्या तोंडी घालायला मला सांगतात, ही तक्रार आहे.

तालुक्याचा आकडा हवा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नोंदींकडे जावं लागतं. तिथे कामाचा डोंगर आहे.

बिलोली सीमेवरचा तालुका. येसगीला मांजरा ओलांडली की तेलंगणा. नदीपलीकडचं बोधन आणि अलीकडचं बिलोली १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होतं. राज्यं वेगळी झाली तरी सोयरिकी तोडायला कुणी गेलं नाही. आजही निम्मी नाती पलीकडे आहेत असं घर आमच्याकडे नवलाचं नाही. आता पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. सून इथे उपकेंद्रात नाव नोंदवते, तिला क्रमांक मिळतो, पहिल्या तपासण्या होतात. सातव्या महिन्यात ती बोधनकडे माहेरी जाते. तिथली नर्सताई तिला नव्याने नोंदवते. बाळंतपण निझामाबादला होतं. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच करायची असते, म्हणून बाळ तेलंगणाच्या वहीत जातं. माझ्या फाइलीत त्या सुनेची ओळ असते, तिच्या लोहाच्या गोळ्या असतात, धनुर्वाताची इंजेक्शनं असतात, आणि शेवटचा रकाना रिकामा असतो. बाळ जगलं की नाही, ती जगली की नाही, मला कळत नाही.

उलटंही होतं. हैदराबादला दिलेल्या लेकी बाळंतपणाला बिलोलीला येतात. एका बैठकीत मला सांगण्यात आलं, “इतक्या जातात, तितक्या येतात, फिटंफाट होऊन जातं.” होत नाही. ज्यांच्या घरी पैसा आहे त्या एका दिशेने जातात, ज्यांच्या घरी नाही त्या दुसऱ्या दिशेने. ज्यांचं बाळंतपण अडतं त्यांना वरच्या दवाखान्यात पाठवतात, आणि वरचा दवाखाना तालुक्याबाहेर असतो. मृत्यूची नोंदही मृत्यू झाला त्या गावी. म्हणून आपल्या कागदावर तालुका असतो त्याहून निरोगी दिसतो, आणि निरोगी दिसणाऱ्या तालुक्याला पुढच्या वर्षी डॉक्टर मिळत नाही.

या दोन राज्यांच्या नोंदी जोडाव्यात म्हटलं तर पहिली अडचण राज्य-जिल्ह्यांच्या सरकारी क्रमांकांची. महाराष्ट्राचा क्रमांक २७. निझामाबाद २०११ च्या जनगणनेत २८ क्रमांकाच्या आंध्र प्रदेशात आहे, २०१४ नंतर ३६ क्रमांकाच्या तेलंगणात. ऑक्टोबर २०१६ मध्ये तर निझामाबाद जिल्ह्याचेच दोन झाले आणि कामारेड्डी वेगळा निघाला. आपल्याकडेही तेच. १९९१ च्या जनगणनेतला बिलोली तालुका आणि २००१ च्या जनगणनेतला बिलोली तालुका एक नाही. मधल्या काळात धर्माबाद आणि नायगाव वेगळे झाले. हे न पाहता कुणी आलेख काढला तर दहा वर्षांत बिलोलीची माणसं कुठे नाहीशी झाली, असा प्रश्न पडतो. मला असा आलेख समजावून सांगायला बसवलं गेलं आहे, आणि मी सांगेपर्यंत त्या खोलीत स्थलांतराची, दुष्काळाची चर्चा बरीच पुढे गेली होती. तालुका कधी फुटला हे एका ओळीत लिहून ठेवायला कुणाचं काय जातं?

नावांचा त्रास याहून मोठा. एकच बाई दोन नोंदवह्यांत आहे हे ओळखायचं तर तिचं नाव जुळायला हवं. आपल्याकडे लग्न झालं की तिचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि कितीतरी घरांत पहिलं नावही बदलतं. माहेरच्या वहीत ती एक, सासरच्या वहीत दुसरी. त्यात संगणकात नाव रोमन लिपीत चढतं. ‘लक्ष्मी’तला क्ष कुणी एका अक्षरात उरकतं, कुणी तीन अक्षरं लावतं. ‘शेख’ तर नुसत्या दोन अक्षरांवर येतं. आडनाव आधी की नाव आधी, हे वही बदलली की बदलतं. नावं जुळवण्यासाठी जगभर एक जुनी युक्ती वापरतात, साउंडेक्स नावाची. अमेरिकेत १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं. ती नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवते आणि बाकीच्या व्यंजनांचे अंक करते. वैशाली एकीकडे ‘व्ही’ने आणि दुसरीकडे ‘डब्ल्यू’ने लिहिली असेल तर त्या युक्तीला त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. अमेरिकेतल्या आडनावांसाठी केलेलं साधन बिलोलीच्या वैशालीला चालत नाही, यात नवल नाही. पण नावं जुळवण्याचं काम माझ्याकडे देताना “सॉफ्टवेअर आहेच की, एका क्लिकचं काम” असं सांगतात, तेव्हा वाईट वाटतं. मी कोड लिहितो, पण शेवटी हजारो जोड्या डोळ्यांनी बघाव्या लागतात: गाव तेच आहे का, नवऱ्याचं नाव जवळपास आहे का, आधीच्या मुलाचं वय जुळतं का.

या कामाला आपल्याच देशात किती मान होता, हे सांगायला हवं. सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेतले डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये एक रीत मांडली. बंगालमधल्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या भागातल्या नोंदी त्यासाठी घेतल्या होत्या. चंद्रशेखरन पुढे वर सांगितलेल्या मुंबईच्या लोकसंख्या संस्थेचे संचालक झाले. रीत अशी. एका गावातल्या जन्मांच्या दोन स्वतंत्र याद्या घ्या. समजा पहिलीत ८० जन्म आहेत, दुसरीत ६०, आणि दोन्हींत सापडणारे ४८. तर ८० गुणिले ६० भागिले ४८, म्हणजे खरे जन्म १०० असावेत. दोन्ही याद्यांतून सुटलेली बाळंही अशी हिशेबात येतात. आजच्या नमुना नोंदणी योजनेच्या मुळाशी हाच दोन याद्यांचा विचार आहे. आता या ४८ पैकी आठ नावं केवळ लिहिण्याच्या तऱ्हेमुळे जुळली नाहीत असं धरा. जुळलेले राहिले ४०, आणि तेच गणित १२० जन्म सांगू लागतं. जन्माला न आलेली वीस मुलं वैशालीच्या एका अक्षरामुळे तालुक्यात आली. रीतीत खोट नाही, नावं नीट जुळवायला दिलेल्या वेळात आहे, आणि तो वेळ अंदाजपत्रकात कुणी धरत नाही.

तारखांचं दुखणं मराठवाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना जन्मतारीख नसली की गुरुजींनी वर्षाचा अंदाज बांधला आणि १ जून लिहिलं, म्हणजे सहा वर्षं भरली. पुढे आधार कार्ड काढताना ज्यांच्याकडे नुसतं वय होतं त्यांना १ जानेवारी मिळाली. माझ्या आलेखात वर्षातले हे दोन दिवस ताडासारखे उभे राहतात. मोठ्यांच्या वयांचंही तसंच: ४०, ४५, ५०, ५५. मधली वयं ओस पडलेली असतात. व्हिपल यांचा निर्देशांक हे मोजतो. २३ ते ६२ वयाची माणसं घ्यायची आणि शेवटी शून्य किंवा पाच असलेली किती जास्त आहेत ते बघायचं. कुणीच वय गोल केलं नाही तर १००, सगळ्यांनीच गोल केलं तर ५००. हे इतकं जुनं आणि माहितीचं असताना प्रश्नावलीत “वय” असा एकच रकाना असतो. जन्मतारीख कागद पाहून लिहिली की विचारून, याची खूण करायला जागा नसते. ती एक खूण असती तर मी दोन्ही गट वेगळे काढू शकलो असतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मदाखला हाच शाळेसाठी आणि इतर कामांसाठी पुरावा धरला जाणार आहे, तेव्हा १ जूनची ही पिढी हळूहळू संपेल. पण आज ज्यांना रक्तदाब आणि मधुमेह आहे ती माणसं सगळी आधीची आहेत.

वजनाची तक्रार मला सगळ्यांत जास्त सलते. २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ ‘कमी वजनाचं’ धरतात. नोंदवह्यांत नेमक्या २.५ किलोवर बाळांची गर्दी असते. काटा जुना असतो, बाळ हलतं, ताई घाईत असतात, २.४ आणि २.६ दोन्ही २.५ होतात. जे खरं २.४ होतं ते एका ठिपक्याच्या फरकाने रेषेच्या वर जातं आणि त्याच्या घरी जास्तीच्या भेटी द्यायच्या यादीतून गळतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांची काळजी घरी घेण्याचा प्रयोग केला आणि १९९९ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गावातल्याच शिकवलेल्या बाया बाळाचं वजन करून लिहीत होत्या. नीट मोजणं गावातही जमतं, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिलेलं आहे. मग बिलोलीच्या उपकेंद्रात अंकांत दाखवणारा चांगला काटा का नसावा?

इथे एक स्पष्ट करतो. या तक्रारी आशाताईंवर किंवा नर्सताईंवर नाहीत. त्यांना एकच माहिती वहीत, तक्त्यात आणि मोबाइलवर अशी तीनदा भरायला लावतात, आणि तिन्ही ठिकाणी रकाने वेगळे असतात. दिवसभर गावं फिरून रात्री लिहायला बसलेल्या बाईने २.४ चं २.५ केलं तर मी तिला काय बोलणार? ज्यांनी ते रकाने आखले त्यांना बोलायचं आहे.

रकाने आखणाऱ्यांनी गावाला क्रमांकाची जागा ठेवलेली नसते, नाव लिहायची जागा ठेवलेली असते. आमच्याकडे बुद्रुक आणि खुर्द अशा जोड्या गावोगाव आहेत. नोंद करताना पुढचा शब्द गळतो, किंवा त्याचं एक अक्षर उरतं, आणि दोन गावांचं एक गाव होतं. जनगणनेने प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे. तो लिहिला तर हा घोळ मुळातच होणार नाही.

मग फाइली. एखाद्या कार्यालयातून मराठी तक्ता येतो तो श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला. माझ्या संगणकावर तो चिन्हांचा ढिगारा दिसतो. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी हे चालूच आहे. दुसरी फाइल एक्सेलमध्ये येते. तिच्यात चार-चार चौकटी एकत्र केलेल्या असतात, लाल रंग म्हणजे मृत्यू आणि पिवळा म्हणजे स्थलांतर असा अर्थ रंगांत ठेवलेला असतो, आणि प्रत्येक गावाच्या खाली ‘एकूण’ची ओळ असते. बेरीज केली की तालुका दुप्पट. एक्सेल काय करू शकतं याची जगाला खात्री पटलेली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या मोजणीतून १५,८४१ कोविड रुग्ण गळले होते, कारण फाइलीच्या जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. त्याच वर्षी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं. एवढं झाल्यावरही मला रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर ‘फायनल’, ‘फायनल नवी’ आणि ‘फायनल खरी’ अशा तीन फाइली येतात, आणि सकाळी दहाला तक्ता हवा असतो.

कोडबुक मात्र येत नाही. कुठला आकडा म्हणजे काय, याची यादी म्हणजे कोडबुक. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या फाइलीत बाळाच्या वजनाच्या रकान्यात ९९९६ म्हणजे वजन केलंच नाही आणि ९९९८ म्हणजे आईला माहीत नाही. हे तिथे लिहून ठेवलेलं असतं, म्हणून ते मी बाजूला काढू शकतो. ज्या फाइलीबरोबर यादी नसते तिच्यात शून्य म्हणजे मुलं नाहीत, की विचारलं नाही, की बाई घरी नव्हती, हे कोण सांगणार? फोन करून विचारलं तर उत्तर येतं, “ज्यांनी भरलं ते आता इथे नाहीत.”

संशोधकांबद्दल एकच सांगतो, कारण त्यांच्याशी रोज काम करायचं आहे. निकाल छापण्याजोगा ठरावा म्हणून “पी-व्हॅल्यू ०.०५ च्या जरा खाली येते का बघा” असं मला सांगू नये. मी बघणार नाही. तुलना कुठल्या करायच्या ते आधी ठरवावं, कागदावर लिहावं, आणि जे उत्तर येईल ते छापावं. आणि शोधनिबंधात ज्याने फाइली जोडल्या त्याचं नाव लेखकांत नको असेल तर नको, पण फाइली कशा जोडल्या ते चार ओळींत लिहा. पुढच्या प्रोग्रॅमरला तेच काम पहिल्यापासून करावं लागणार नाही.

यातल्या कशालाच मोठा पैसा लागत नाही. गावाचा क्रमांक लिहा. तारखेत वर्षाचे चारही आकडे लिहा. माहीत नसेल तर शून्य टाकू नका, ‘माहीत नाही’ असं लिहा. फाइलीबरोबर कोडबुक पाठवा. तेलंगणाच्या आणि आपल्या सीमेवरच्या तालुक्यांनी बाळंतपणांच्या याद्या महिन्यातून एकदा एकमेकांना द्याव्यात. आरोग्य खात्यातल्या ज्यांच्या हातात हे आहे, त्यांना माझी ही लेखी विनंती समजावी.

आणि एक विनंती बिलोलीच्या लोकांना. प्रत्येक दराच्या खाली छेद लागतो, म्हणजे माणसं किती ते. तो आपण अजून २०११ च्या जनगणनेवरून अंदाजाने काढतो आहोत, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मोजणारे दारात आले की घाई करू नका. आजीचं वय “लिहा साठ” म्हणून सोडू नका, तिच्या लग्नाचं, थोरल्या लेकराचं साल आठवून सांगा. माहेरी गेलेल्या सुनेचं आणि कामाला हैदराबादला गेलेल्या भावाचं नाव कुठे लिहायचं, हे मोजणाऱ्याला विचारून घ्या, आणि घरातलं प्रत्येक लेकरू मोजलं गेलं का, हे तो उठायच्या आत एकदा पडताळून बघा.